अवधान : खेळातून जागृतीकडे

जैन धर्म म्हणजे व्रत, उपवास, संयम आणि मौन, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. ज्या परंपरेने कायोत्सर्गात निश्चल उभे राहणारे तपस्वी दिले, त्याच परंपरेने गणिताला कोड्यांचे रूप दिले, मंदिराच्या मंडपात टाळ्यांच्या तालावर रास रंगविला, आत्म्याच्या चढउताराचे तत्त्व कवड्यांच्या पटावर मांडले आणि एकाच बैठकीत शंभर विषय मनात धारण करणारे शतावधानी घडविले. शरीर चपळ आणि मन तल्लख ठेवण्याची विद्या येथे हसतखेळत शिकली जाई आणि सभेसमोर सादरही होई.

मात्र या क्रीडेला आणि कलेला एक अंकुश होता. खेळ कोठवर साधन असतो आणि कोठे तो प्रमाद ठरतो, हा प्रश्न या परंपरेने वारंवार विचारला. उत्तराध्ययन सूत्रात भगवान महावीर गौतमांना क्षणभरही गाफील न राहण्याचा उपदेश करतात. त्या अप्रमादाच्या कसोटीवर प्रत्येक खेळ घासून पाहिला गेला. जो खेळ मनाला जागे करतो तो स्वीकारावा. जो झोपवितो तो सोडावा. आणि जागृती साधल्यावर खेळाचेही ओझे उतरवून ठेवावे, असा हा क्रम दिसतो. त्याचा इतिहास बोधक आहे.

ऋषभदेवांची पाठशाळा

आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात ‘आदिपुराण’ रचले. त्यात आदिनाथ भगवान ऋषभदेव आपल्या अपत्यांना शिक्षण देत असल्याचे विस्ताराने वर्णन आहे. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या त्यांनी स्वतः शिकविली. भरताला अर्थशास्त्राबरोबर नृत्यशास्त्र, वृषभसेनाला गायन-वादनाचे गांधर्वशास्त्र, अनंतविजयाला चित्रकला आणि बाहुबलीला आयुर्वेद, धनुर्वेद, हत्ती-घोड्यांची विद्या व रत्नपरीक्षा शिकविल्याचा उल्लेख येतो. आगमग्रंथांत येणारी बहात्तर कलांची यादीही याच वळणाची आहे. तिच्यात लेखन व गणित आहे, तसेच नाट्य, गीत, वाद्य आणि मल्लविद्याही आहे. अक्षर, अंक, सूर, पदन्यास आणि बाहुबल ही सर्व एकाच शिक्षणाची अंगे मानली गेली.

याच पुराणातील नीलांजनेचा प्रसंग सर्वपरिचित आहे. ऋषभदेवांच्या राजसभेत नीलांजना नावाची अप्सरा नृत्य करीत असते. नृत्याच्या ऐन भरात तिचे आयुष्य संपते आणि ती अदृश्य होते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र तत्काळ तशीच दुसरी नर्तकी उभी करतो. तोच वेष, तोच ताल, तेच हावभाव. सभेतील इतर कोणालाही हा बदल कळत नाही. ऋषभदेवांना मात्र कळतो, आणि त्या एका जाणिवेतून त्यांचे वैराग्य जागे होते. मथुरेच्या कंकाली टीला येथे मिळालेल्या आणि लखनौच्या राज्य संग्रहालयात असलेल्या एका प्राचीन शिल्पपटात हाच प्रसंग असल्याचे अभ्यासक मानतात.

या कथेकडे सामान्यतः अनित्यतेचा पाठ म्हणून पाहिले जाते. तिच्यात आणखी एक अर्थ आहे. नृत्य सर्वांनीच पाहिले. अवधान एकाचेच होते. कला भगवंतांच्या वैराग्याच्या आड आली नाही, उलट तीच त्याचे निमित्त झाली. कारण पाहणाऱ्याचे मन पूर्ण जागे होते.

भरत आणि बाहुबली यांच्या द्वंद्वाची कथाही येथे आठवावी. दोन सेनांचा संहार टळावा म्हणून बंधूंनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध या तीन स्पर्धांनी निर्णय करावा, असे मंत्र्यांनी सुचविले. रणांगणाचे क्रीडांगण झाले. तिन्हींत बाहुबली विजयी झाले आणि विजयाच्या त्या क्षणीच त्यांनी राज्याचा त्याग केला. ज्या देहाने मल्लयुद्ध जिंकले, तोच देह पुढे वर्षभर प्रतिमायोगात स्थिर राहिला. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावरील मूर्तीसमोर हात जोडताना त्या स्थैर्यामागचे बळही ध्यानात घ्यावे. दुर्बलाला इतका काळ उभे राहता येत नाही.

अंकांचे कंठे

जिनसेनांच्याच काळात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या राज्यात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ इसवी सन ८५० च्या सुमाराचा मानला जातो. मद्रास येथे १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती काढली.

महावीराचार्यांची उदाहरणे शिष्याला घाबरवीत नाहीत, खेळायला बोलावतात. रानात दिसणारा उंटांचा कळप, आंब्यावर बसलेले मोर, कमळांकडे गेलेले भुंगे, तुटलेल्या हारातून विखुरलेले मोती, अशा चित्रांतून ते अपूर्णांक आणि समीकरणे शिकवितात. गुणाकाराच्या प्रकरणात तर त्यांनी संख्यांचे कंठेच गुंफले आहेत. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१ येतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ अशी माळ तयार होते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच. गळ्यातील कंठ्याची दोन्ही टोके सारखी असावीत, तसे हे.

व्यवहारात या गुणाकारांचा उपयोग शून्य. परंतु ज्या विद्यार्थ्याने पाटीवर एवढा मोठा गुणाकार केला आणि शेवटी अशी माळ उतरलेली पाहिली, तो पुन्हा गुणाकाराला कंटाळणार नाही. एक अंक चुकला की माळ तुटते. म्हणजे चूक सांगायला गुरूही लागत नाही. आनंद आणि सावधानता एकाच कृतीतून शिकविणारा हा पाठ अकराशे वर्षांहून जुना आहे.

रास : पाऊल आणि मर्यादा

मनाच्या खेळाबरोबर देहाच्या खेळालाही जैन समाजात मानाचे स्थान होते. गुजरात आणि राजस्थानातील जैन मुनींनी मध्ययुगात ‘रास’ नावाच्या शेकडो काव्यरचना केल्या. शालिभद्रसूरींचा ‘भरतेश्वर-बाहुबली रास’ विक्रम संवत १२४१ मधील, म्हणजे सुमारे इसवी सन ११८५ चा आहे. रास हा काव्यप्रकार मूळचा गाण्याचा आणि नाचण्याचा. टाळ्या देत फेर धरणारा तो तालरास आणि हातात टिपऱ्या घेऊन खेळावयाचा तो लकुटारास. विक्रम संवत १३२७ च्या ‘सप्तक्षेत्री रासु’ या रचनेत मंदिरातील उत्सवाच्या संदर्भात हे दोन्ही प्रकार आले आहेत. फेर धरणाऱ्याला शब्द आठवावे लागत, ताल राखावा लागे, शेजाऱ्याच्या टिपरीशी आपली टिपरी जुळवावी लागे आणि पाऊलही चुकू द्यायचे नसे. स्मरण, श्वास, दृष्टी आणि पाय या सर्वांची कसोटी एकाच वेळी लागे.

याच ठिकाणी अंकुशही दिसतो. बाराव्या शतकातील खरतरगच्छाचे आचार्य जिनदत्तसूरी यांनी ‘उपदेशरसायन रास’ या अपभ्रंश रचनेत मंदिरातील आचाराचे नियम घालून दिले. रात्री तालरास नको आणि पुरुषांसह लगुडरास दिवसाही नको, असा त्यांचा आदेश होता. मंदिरात जमलेला मेळा भक्तीसाठी आहे की करमणुकीसाठी, हा त्यांचा प्रश्न होता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा निर्बंधही त्यांनी रासाच्याच रूपात सांगितला. त्यांनी गीत नाकारले नाही. गीतातील बेभानपणा नाकारला. पुढच्या शतकांतही रास लिहिले गेले, गायले गेले. परंपरेने कला आणि मर्यादा दोन्ही सांभाळल्या. ही ओढाताण सोपी नव्हती आणि आजही नाही.

ज्ञानबाजीचा पट

सापशिडीचा खेळ आज प्रत्येक घरात आहे. त्याचे मूळ भारतीय रूप धर्मशिक्षणाचे होते. महाराष्ट्रात तो मोक्षपट या नावाने ओळखला जातो. पश्चिम भारतातील जैनांमध्ये तो ज्ञानबाजी वा ज्ञानचौपड म्हणून खेळला जाई. कापडावर किंवा कागदावर रंगविलेले असे जुने पट देशविदेशांतील संग्रहालयांत जपलेले आहेत. जैन पटावर बहुधा ८४ घरे असतात. तळाशी नरकादी अधोगती, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक आणि सर्वांच्या माथ्यावर सिद्धशिला. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दोषाच्या घरातून साप खाली आणतो. कवड्या टाकायच्या आणि सोंगटी चालवायची. पर्युषणाच्या दिवसांत श्रावक-श्राविका हा खेळ खेळत.

अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही, त्याचा मोह केवळ दबलेला असेल, तर खाली घसरू शकतो, हे तत्त्व पोथीतून समजावयाला बराच अभ्यास लागतो. सिद्धशिलेच्या जवळ पोचलेली सोंगटी सापाच्या तोंडी जाऊन तळाशी आली की तेच तत्त्व आठ वर्षांच्या मुलालाही कळते. शिवाय तो रडत बसत नाही. कवड्या उचलतो आणि पुन्हा चालू लागतो. पडल्यावर उठण्याचा हा सराव पटाबाहेरही उपयोगी पडतो.

अवधानविद्या

या सर्व खेळांचा कळस म्हणजे अवधान. अवधान याचा अर्थ लक्ष देणे. सभेत अवधानकार बसतो. वेगवेगळे पृच्छक त्याला एकामागून एक विषय देतात. कोणी श्लोकातील अक्षरे क्रम मोडून सांगतो. कोणी परक्या भाषेतील वाक्याचे तुकडे मधून मधून टाकतो. कोणी मोठा गुणाकार घालतो, कोणी विषय व वृत्त देऊन कविता मागतो. मध्येच घंटेचे ठोके पडतात, तेही मोजावयाचे असतात. आठ विषय धारण करणारा अष्टावधानी, शंभर धारण करणारा शतावधानी. शेवटी अवधानकार हे सर्व जसेच्या तसे परत करतो. भारतात ही विद्या अनेक परंपरांनी जोपासली. जैन मुनींचा तिच्यात मोठा वाटा आहे.

पंधराव्या शतकातील तपागच्छाचे आचार्य मुनिसुंदरसूरी, ‘अध्यात्मकल्पद्रुम’ या ग्रंथाचे कर्ते, सहस्रावधानी म्हणून परंपरेत ओळखले जातात. अकबराच्या दरबाराशी संबंध आलेले सिद्धिचंद्र उपाध्याय शतावधानी होते. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरील त्यांची आणि त्यांचे गुरू भानुचंद्र यांची टीका पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली आणि ती महाराष्ट्रातील संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडली.

सतराव्या शतकातील उपाध्याय यशोविजय यांचा प्रसंग विशेष बोधक आहे. विक्रम संवत १६९९ मध्ये त्यांनी अहमदाबाद येथे संघासमोर अष्टावधान केले. ते पाहून धनजी सूरा या श्रेष्ठींनी त्यांच्या काशीतील अध्ययनाचा खर्च उचलला. काशीत यशोविजयांनी नव्यन्यायाचा अभ्यास केला आणि परतल्यावर जैन न्यायावर जे ग्रंथ लिहिले ते आजही प्रमाण मानले जातात. सभेतील एका प्रयोगाने विद्येचे दार उघडले. संघाने केवळ टाळ्या वाजविल्या नाहीत, मुनींची बुद्धी ओळखली आणि तिला पुढचे शिक्षण मिळवून दिले.

शतावधानी श्रीमद् राजचंद्र

सौराष्ट्रातील ववाणिया गावी १८६७ च्या कार्तिकी पौर्णिमेला जन्मलेल्या श्रीमद् राजचंद्रांनी या विद्येला आधुनिक काळात लोकांसमोर आणले. मोरबी येथे शास्त्री शंकरलाल यांची आठ अवधाने पाहून त्यांनी लगेच स्वतः बारा करून दाखविली. पुढे वढवाण येथे सोळा आणि बोटाद येथे बावन्न. बोटादच्या त्या बावन्न अवधानांत चौपट, पत्ते आणि बुद्धिबळ खेळणे, झालरीचे ठोके मोजणे, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करणे, मण्यांची मोजणी, निरनिराळ्या विषयांवर पद्यरचना आणि मराठीसह सोळा भाषांतील शब्दांची उलटसुलट दिलेली अक्षरे जुळविणे, असे सर्व एकत्र चाललेले होते. ज्यांना लोक केवळ करमणूक म्हणतात ते पत्ते आणि सोंगट्याही येथे चित्ताच्या कसोटीला लागल्या.

२२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये, संस्कृतचे प्राध्यापक डॉ. पीटर्सन यांच्या अध्यक्षतेखाली, एकोणीस वर्षांच्या राजचंद्रांनी शंभर अवधाने केली. ग्रंथ दाखवून त्यांची नावे सांगण्यात आली. नंतर डोळे बांधलेल्या अवस्थेत केवळ हाताच्या स्पर्शाने त्यांनी ते ग्रंथ ओळखले. म्हणजे ही विद्या बुद्धीपुरती नव्हती. कान, बोटे आणि सर्व देह तिच्यात जागा होता. सभेने त्यांना सुवर्णपदक दिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन प्रयोग करण्याचे सुचविले, असे चरित्रकार सांगतात.

राजचंद्रांनी ते नाकारले. एवढेच नव्हे, तर विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी अवधानाचे जाहीर प्रयोगच बंद केले. कीर्ती वाढत होती आणि आत्मसाधनेत तिचाच अडथळा होत होता. स्मरणशक्ती गेली नव्हती. तिचे प्रदर्शन गेले होते. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी मुंबईत भेट झाली. गांधीजींनी आपल्याला येणारे परभाषांतील शब्द लिहून वाचून दाखविले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. परंतु आपल्या मनावर खरा ठसा उमटला तो या शक्तीचा नव्हे, तर त्यांच्या शास्त्रज्ञानाचा, शुद्ध चारित्र्याचा आणि आत्मदर्शनाच्या तळमळीचा, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. मोतीजवाहिरांचा व्यापार करताना, हिशेब मिटताच चिंतनाच्या वहीकडे वळणारे हे मन अवधानातूनच घडलेले होते.

यशोविजयांना प्रयोगाने विद्येकडे नेले. राजचंद्रांनी विद्येसाठी प्रयोग सोडला. वरवर ही दोन उत्तरे विरुद्ध वाटतात. मुळात ती एकच आहेत. दोघांनीही सभेला मुक्काम मानले नाही, वाटेतील विसावा मानले.

आजच्या काळात

ही विद्या आजही जिवंत आहे. मुनी अजितचंद्रसागर यांनी २०१४ मध्ये मुंबईत हजारोंच्या सभेसमोर पाचशे अवधाने केली. अशा वेळी पाहणाऱ्याच्या मनात येते की हे जन्मजात दैवी देणे असावे, सामान्याचे काम नव्हे. आधुनिक संशोधन मात्र निराळे सांगते. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणताही पूर्वसराव नसलेल्या लोकांना ७२ शब्दांची यादी दिली असता सुरुवातीस साधारण २६ ते ३० शब्द आठवत. परिचित जागांशी शब्द जोडण्याच्या पद्धतीचा रोज अर्धा तास, चाळीस दिवस सराव केल्यावर त्यांना सरासरी ३५ शब्द अधिक आठवू लागले. चार महिन्यांनंतरही लाभाचा बराच भाग टिकून होता. स्मरण ही साधना आहे, हे मुनिजनांनी अनुभवाने जाणलेले सत्य येथे आकड्यांनी दिसले.

वृद्धत्वाविषयीचा एक अभ्यासही विचारात घेण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचे अनेक वर्षे निरीक्षण करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक व्यायामप्रकारांपैकी हा संबंध केवळ नृत्यात दिसला. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांचे मन आधीच सशक्त आहे तेच अधिक खेळत असतील, असेही असू शकते. तरीही स्वाध्याय, ज्ञानबाजी, स्तवनांचे गायन-वादन आणि रास ही जुनी चौकट त्या यादीशी किती जुळते, हे पाहून कोणासही संतोष वाटेल.

पाठशाळेतील बालकांना सूत्रे पाठ करवून घेताना घंटेचे ठोके मोजण्याचा खेळ जोडता येतो. महावीराचार्यांचा एखादा अंककंठा फळ्यावर गुंफता येतो. पर्युषणाच्या दुपारी आजी आणि नातवंडे ज्ञानबाजीच्या पटाभोवती बसू शकतात. ज्येष्ठ श्राविका स्तवनाच्या तालावर फेर धरू शकतात. यासाठी मोठा निधी लागत नाही. स्पर्धा ठेवल्यास बक्षीसही द्यावे. मात्र बक्षीस घेऊन घरी आलेल्या मुलाला त्या रात्री प्रतिक्रमणात मन किती वेळ स्थिर राहिले, हेही कोणीतरी प्रेमाने विचारावे.

नीलांजनेच्या नृत्यसभेत प्रेक्षक अनेक होते. नर्तकी बदलल्याचे एकालाच कळले. तेवढे जागेपण आपल्या पदरी पडावे, यासाठीच पूर्वजांनी हे सारे खेळ मांडले.